वास मोजायचा कसा? मुखदुर्गंधीच्या संशोधनाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सकाळी दात घासताना जोराचा ठसका लागला आणि बेसिनमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा एक पिवळट पांढरा खडा पडला. दाताचा तुकडा पडला की काय म्हणून मी आधी घाबरले. मग चिमटीत धरून दाबला तर तो चुरगळला, आणि जो वास आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. लॅबमध्ये आठवडाभर विसरलेलं कल्चर उघडल्यावर येतो ना, त्याच घराण्यातला. हा टॉन्सिल स्टोन, म्हणजे टॉन्सिलमधला खडा, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याआधीचे चार-पाच महिने मी लोकांशी बोलताना एक पाऊल मागे उभी राहत होते. मीटिंगमध्ये तोंडावर हात. बॅगेत कायम माउथवॉशची छोटी बाटली. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, पोट साफ होत नसेल तुझं. रात्री त्रिफळा घे." घेतला. काही फरक पडला नाही. आणि यातली गंमत अशी की माझा पीएचडीचा विषयच मुळी पाण्याच्या पाइपांमध्ये आतून चिकटून बसणाऱ्या जिवाणूंच्या थराचा, म्हणजे बायोफिल्मचा. पाइपात काय वाढतं ते मी रोज मोजत होते. स्वतःच्या घशात काय वाढतंय याचा पत्ता नव्हता.

खडा पडल्यावर मी सवयीप्रमाणे पेपर शोधायला बसले आणि दोन आठवडे त्यातच रमले (गाईडना हे माहीत नाही). तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेट-सेट किंवा पेटच्या तयारीत आहात, रिसर्च प्रपोजल लिहिताय. "मला अमुकचा अभ्यास करायचा आहे" इथपर्यंत सगळ्यांचं छान जमतं. "तो मोजणार कसा?" असं विचारलं की गाडी अडते. तोंडाच्या वासाचा इतिहास हा जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. म्हणून तो सांगते.

सुरुवात करू नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावापासून. अँटनी व्हान लेव्हेनहूक हे नाव अकरावी-बारावीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. कापडाचा व्यापारी, विद्यापीठाचं शिक्षण नाही, स्वतः भिंगं घासून एका भिंगाचे सूक्ष्मदर्शक बनवणारा. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. तेव्हा तो पन्नाशीत होता आणि दातांबाबत काटेकोर होता. रोज सकाळी मिठानं दात घासायचे, फटी कोरायच्या, वरून फडक्यानं पुसायचे. तरी दातांच्या मध्ये पिठाच्या लगद्यासारखा पांढरा थर उरायचाच. तो त्यानं काढला, पावसाच्या पाण्यात कालवला, भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे, गिरक्या घेणारे जीव पाहिले. माणसाच्या तोंडातल्या जिवाणूंचं हे पहिलं लेखी वर्णन.

पाठ्यपुस्तक इथे थांबतं. पण त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत आणि माझ्या मते त्याच जास्त मोलाच्या. पहिली अशी: जे लोक दात कधीच घासत नाहीत त्यांच्या तोंडाला इतका वास येतो की जवळ उभं राहून बोलणं नको होतं, आणि लोक याला श्वासाची दुर्गंधी म्हणत असले तरी बहुतेक वेळा ती तोंडाचीच असते, असं तो लिहितो. दुसरी गोष्ट हा साधा पण अस्सल प्रयोग आहे. त्यानं व्हिनेगरनं तोंड धुऊन पुन्हा थर तपासला. थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले होते, आतले जिवंत होते. तोच थर बाहेर काढून व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात टाकला तर जीव मरत होते. म्हणजे औषध कामाचं होतं, पण ते थराच्या आत पोचत नव्हतं.

माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात जिवाणूंचा थर औषधाला दाद का देत नाही यावर अकरा पानं आहेत. त्यातला गाभा या माणसानं साध्या व्हिनेगरवर दाखवून ठेवला होता. आणि मी बॅगेत माउथवॉश घेऊन फिरत होते!

लेव्हेनहूकच्या कितीतरी आधी लोक तोंड साफ ठेवतच होते, हे सांगायला नकोच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोनदा दात घासायला सांगितलंय, आणि जीभ खरवडायला सोनं, रूपं, तांबं, कथील किंवा पितळेची, धार नसलेली, वाकवलेली पट्टी सांगितली आहे. कारणही दिलं आहे: जिभेच्या मुळाशी साठलेला मळ दुर्गंधी आणतो. सुश्रुतसंहितेत दातवण बारा अंगुळं लांब असावं, कडू झाडांत निंब उत्तम, तुरटांत खैर, असा तपशील येतो. हा अनुभव पक्का आहे. पण "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" असं म्हणून पुस्तक मिटायला मी तयार नाही. जीभ घासल्यावर वास कमी होतो हे माहीत असणं वेगळं, तो किती कमी होतो, किती वेळ, आणि नेमका कशामुळे, हे वेगळं.

लेव्हेनहूकनंतर जवळजवळ दोनशे वर्षं या बाबतीत फारसं काही घडलं नाही. जिवाणू आणि रोग यांचा संबंध पाश्चर आणि कॉख यांच्या काळात जुळला, आणि कॉखच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत काम केलेला अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यानं १८९० मध्ये माणसाच्या तोंडातल्या सूक्ष्मजीवांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा मुख्य सिद्धांत दात किडण्याबद्दलचा: जिवाणू पिष्टमय अन्नापासून आम्ल बनवतात आणि ते दात खातं. वास हा त्याचा विषय नव्हता. वासावर न्यूयॉर्कच्या जोसेफ हाउ या डॉक्टरनं १८७४ मध्येच एक पुस्तक लिहिलं होतं, पण त्यात वास ओळखायला नाकाशिवाय साधन नव्हतं.

मग या विषयात संशोधकांच्या आधी जाहिरातवाले घुसले. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायची पद्धत रूढ करणाऱ्या जोसेफ लिस्टरच्या नावावरून १८७९ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला लिस्टरिन तयार झालं. आधी ते शस्त्रक्रियेसाठी होतं, पुढे दंतवैद्यांकडे गेलं. १९२० च्या दशकात कंपनीनं "हॅलिटोसिस" हा डॉक्टरी कोशात पडून असलेला शब्द उचलला आणि मासिकांत जाहिरातींचा धडाका लावला. देखणी, सुस्वभावी मुलगी, सगळ्या मैत्रिणींची लग्नं झाली, हिचंच का जमत नाही? तिच्या तोंडाला वास येतो आणि तिला कोणी सांगत नाही! ही युक्ती चालली, कारण त्यात एक खरी गोष्ट होती. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही. जी गोष्ट तपासता येत नाही तिची भीती घालणं फार सोपं. (याच उत्पादनामुळे सर्दी टळते असाही दावा पुढे कित्येक वर्षं केला गेला. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तो खोडून काढणारी जाहिरात स्वतःच्याच खर्चानं करायला लावली.)

म्हणजे १९३० पर्यंत परिस्थिती अशी की हॅलिटोसिस हा शब्द अमेरिकेत घरोघरी माहीत, आणि तो किती आहे हे सांगणारा एकही आकडा नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लिओनार्ड फॉस्डिक आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये ऑस्मोस्कोप नावाचं उपकरण या कामी लावलं. यात वासाच्या हवेत साधी हवा मिसळून ती पातळ करत जायचं, आणि किती पातळ केल्यावर वास येईनासा होतो ते पाहायचं. आपण टायट्रेशनमध्ये रंग जाईपर्यंत थेंब मोजतो तसंच काहीसं. शेवटी हुंगणारं नाक माणसाचंच, पण हातात एक आकडा आला.

खरा बदल घडवला कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जोसेफ टॉन्झेटिच यांनी. १९६० च्या दशकात ते लाळ घेऊन ती सडू द्यायचे आणि त्यातून कोणते वायू निघतात ते पाहायचे. पण बाटलीत सडवलेली लाळ म्हणजे माणसाचं तोंड नव्हे, हा आक्षेप राहणारच. १९७१ मध्ये त्यांनी तोंडातली हवा थेट गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घातली. त्याला जोडलेला शोधक फक्त गंधकाकडे लक्ष देणारा होता: हायड्रोजनच्या ज्योतीत गंधकाची संयुगं जळली की ठरावीक निळसर प्रकाश येतो, तो मोजायचा. हवेत अब्जात काही कण इतक्या कमी प्रमाणातले वायू आता वेगवेगळे दिसू लागले. मुख्य दोन. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि मिथाइल मरकॅप्टन, म्हणजे सडक्या कोबीचा. तिसरं डायमिथाइल सल्फाइड, त्याचं प्रमाण बहुधा कमी.

हे येतात कुठून, तेही जुळलं. लाळेतली, अन्नकणांतली आणि तोंडाच्या अस्तरातून गळून पडणाऱ्या पेशींतली प्रथिनं जिवाणू तोडतात. सिस्टीन या अमिनो आम्लातून हायड्रोजन सल्फाइड, मिथिओनिनमधून मिथाइल मरकॅप्टन. हे काम करणारे बहुतेक जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणारे. अशा जागा तोंडात कोणत्या? हिरडीच्या कडेखालची फट, जिभेची मागची खडबडीत बाजू आणि टॉन्सिलच्या खाचा. टॉन्झेटिच आणि एनजी यांनी १९७६ मध्ये तोंड साफ करण्याच्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. जीभ घासल्यानं हे वायू नुसते दात घासण्यापेक्षा जास्त कमी झाले. चरकातल्या पट्टीच्या बाजूनं एक आकडा मिळाला, असं म्हणू.

पण गॅस क्रोमॅटोग्राफ महागडं, अवजड यंत्र. ते चालवायला माणूस लागतो (मी दोन वर्षं आमच्याकडच्या यंत्राची ड्यूटी केली आहे, विचारू नका). दवाखान्यात ते कोण ठेवणार? इथे तेल अवीवचे मेल रोझेनबर्ग येतात. यांची गोष्ट मला फार आवडते, कारण ते मुळात या क्षेत्रातले नव्हतेच. त्यांचं सुरुवातीचं काम तेल खाणाऱ्या जिवाणूंवर. जिवाणू तेलाच्या थेंबाला किती चिकटतात यावरून त्यांच्या पृष्ठभागाचा स्वभाव मोजायची अगदी सोपी चाचणी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तोंडातले जिवाणूही तेलाला चिकटतात हे ध्यानात घेऊन तेल आणि पाणी असं दोन थरांचं माउथवॉश निघालं. आणि १९९१ मध्ये त्यांनी आणखी एक उचलाउचल केली: कारखान्यांत हवेतला सल्फाइड मोजायला वापरायचं छोटं यंत्र घेतलं, त्याला स्ट्रॉ लावली आणि ती माणसाच्या तोंडात दिली. हॅलिमीटर नावानं तेच यंत्र पुढे दवाखान्यादवाखान्यांत गेलं.

आता प्रपोजल लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. हॅलिमीटर काय मोजतो? तोंडाचा वास? नाही. तो गंधकाचे वायू एकत्र मोजतो. हायड्रोजन सल्फाइडला चांगला प्रतिसाद देतो, मिथाइल मरकॅप्टनला कमी, आणि इंडोल, स्कॅटोल, कॅडाव्हरिन अशी वासाला हातभार लावणारी बिनगंधकाची संयुगं त्याला दिसतच नाहीत. म्हणून आजही संशोधनात अंतिम कसोटी मानली जाते ती माणसाच्या नाकाची. प्रशिक्षित परीक्षक रुग्णाचा श्वास हुंगून ० ते ५ असा अंक देतो. त्या दिवशी परीक्षकानंही कॉफी प्यायची नाही, अत्तर लावायचं नाही. ऑस्मोस्कोप, क्रोमॅटोग्राफ, हॅलिमीटर असा प्रवास करून आपण पुन्हा नाकाशीच आलो याचं मला आधी हसू आलं. मग वाटलं, बरोबरच आहे. त्रास ज्याचा आहे ते वासाचं आहे, गंधकाचं नाही. यंत्राचा आकडा हा त्या वासाचा प्रतिनिधी, आणि प्रतिनिधी कुठे कमी पडतो हे माहीत असलं म्हणजे झालं.

मग स्वतःचं नाक का नको? रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तेही तपासलं. लोकांना स्वतःच्या तोंडाच्या वासाला अंक द्यायला सांगितलं आणि ते परीक्षकाच्या अंकांशी ताडले. मेळ फारसा बसला नाही. स्वतःची लाळ बाहेर घेऊन हुंगली तेव्हा थोडा बसला. एरवी, लोकांनी स्वतःला दिलेले अंक त्यांच्या आधीच्या समजुतीशीच जुळत होते. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या दवाखान्यानं २००९ मध्ये दोन हजार रुग्णांची माहिती छापली. सुमारे १६ टक्के लोकांना वास नव्हताच, फक्त तशी खात्री होती. हे वाचून मी मागे मागे उभं राहिल्याचे ते चार महिने आठवले. माझ्या तोंडाला खरोखर किती वास येत होता? कोणी मोजला नाही. मी तरी कुठे कोणाला विचारलं?

याच दवाखान्याच्या पाहणीत सुमारे ७६ टक्के रुग्णांमध्ये कारण तोंडातच सापडलं. एकट्या जिभेवरच्या थराचा वाटा ४३ टक्के. नाक-घसा आणि तोंडाबाहेरची बाकी सगळी कारणं मिळून ४ टक्के. म्हणजे लेव्हेनहूकचं म्हणणं खरं निघालं, दोष तोंडाचा. पोटाचा क्वचितच. (आईला हे सांगितलं. "बरं, पण त्रिफळा वाईट नसतो," असं उत्तर आलं.)

आता खडा. टॉन्सिलचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्यात आतपर्यंत गेलेल्या खाचा असतात. तिथे गळालेल्या पेशी, अन्नाचे कण, लाळ आणि जिवाणू साचतात, कालांतरानं त्यावर कॅल्शियमचे क्षार बसतात आणि खडा बनतो. बहुतेक खडे निरुपद्रवी असतात आणि कित्येकांना ते आहेत हे कळतही नाही. ब्राझीलमध्ये २००८ साली, टॉन्सिलमध्ये असा चीजसारखा साका होणाऱ्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. ज्यांच्या श्वासात गंधकाच्या वायूंचं प्रमाण वाढलेलं होतं त्यांच्यातल्या ७५ टक्के लोकांकडे खडे सापडले, ज्यांचं प्रमाण ठीक होतं त्यांच्यात ६ टक्क्यांकडे. फरक मोठा आहे. पण रुग्ण पन्नासच्याही आत होते, हे आकडा सांगताना विसरू नये.

मला खरी खुर्चीवरून उठवणारी गोष्ट २००९ च्या स्टूडली आणि सहकाऱ्यांच्या पेपरात मिळाली. त्यांच्यातले डर्क डी बीअर जर्मनीत ब्रेमेनच्या सागरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या माक्स प्लांक संस्थेतले. समुद्रतळाच्या गाळात ऑक्सिजन किती खोल जातो ते मोजायला केसासारखे बारीक संवेदक तिथे वापरतात. या लोकांनी तसे संवेदक शस्त्रक्रियेत काढलेल्या टॉन्सिलच्या खड्यात घातले. बाहेरच्या थरात जिवाणू ऑक्सिजन वापरत होते, आत गेल्यावर ऑक्सिजनशिवाय नायट्रेटवर श्वसन चाललं होतं, आणखी खाली आम्ल साठत होतं. साखर दिली की आम्लता वाढायची. म्हणजे तो दगड नव्हताच, जिवंत बायोफिल्म होती. समुद्राच्या गाळासारखी, दातांच्या फटीतल्या थरासारखी, आणि हो, माझ्या पाइपातल्या थरासारखी.

मग माउथवॉशनं खडे का गेले नाहीत हे वेगळं सांगायला नको. व्हिनेगरचाच प्रयोग मी चार महिने स्वतःवर करत होते, नोंदी न ठेवता.

आता मी काय करते ते सांगते, आणि त्यातलं काय कितपत सिद्ध आहे तेही. रात्री झोपण्याआधी दात घासणं आणि फटींतून दोरा फिरवणं: याला आधार भक्कम आहे, हिरड्यांसाठीही. जीभ मागून पुढे हलक्या हातानं घासणं: उपयोग होतो, पण परिणाम थोड्या वेळाचा. कॉक्रेनच्या २००६ च्या आढाव्यात निकषात बसले ते फक्त दोन प्रयोग आणि दोन्ही मिळून ४० माणसं. त्यात ब्रशपेक्षा पट्टी किंचित सरस ठरली. जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या, दिवसभर पुरेसं पाणी, तोंड कोरडं पडू न देणं: टॉन्सिलच्या खड्यांसाठी हे सगळं तर्काला धरून आहे, धोका काही नाही, खाचांत साचलेलं हलतं आणि लाळ आपलं काम करते. पण गुळण्यांनी खडे टळतात असं म्हणताना माझा आवाज दोरा-ब्रशइतका ठाम नसतो. माउथवॉश वास तात्पुरता झाकतं, थोडा कमीही करतं. घासण्याच्या ऐवजी ते चालत नाही.

पिनेनं किंवा टोकदार वस्तूनं खडा कोरू नका. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो, जखम झाली तर प्रकरण हाताबाहेर जातं. खडे वारंवार होत असतील, गिळताना दुखत असेल, रक्त येत असेल किंवा एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा दिसत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मी गेले. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून मिनिटभर पाहिलं, उरलेला एक खडा काढला आणि हिरड्यांसाठी दंतवैद्याकडे पाठवलं. तिथे मागच्या दाढांच्या हिरडीखाली बराच जुना, कडक झालेला थर निघाला.

गेल्या वर्षभरात दोनच खडे आले. दुसरा मी सांभाळून काढला, निर्जंतुक नळीत घातला आणि लॅबमध्ये नेला. आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा दिसतो ते पाहायचं होतं. पुरेसा पातळ काप काही घेता आला नाही, चुरा झाला. नळी मात्र अजून फ्रीजरमध्ये, पाइपांच्या नमुन्यांशेजारी आहे. तिच्यावर तारीख लिहिली आहे. नाव लिहिलेलं नाही.